आयर्विनला किती?

पावसाळ्यात सांगलीत माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत नाहीत. विचारतात, "आयर्विनला किती?" समोरचा पण तब्येत सांगितल्यासारखं सांगतो, "अडतीस. पण फुगवटा आहे." 1929 चा हा पूल. कृष्णेचं पाणी त्याच्या खांबाला किती फुटांवर लागलंय, यावर अर्ध्या गावाची झोप ठरते. चाळीस झालं की इशारा, पंचेचाळीसला धोका. त्याच्या पुढं गेलं की गावभागातली माणसं बोलायची बंद होतात आणि सामान वर चढवायला लागतात.

2019 च्या ऑगस्टात ते सत्तावन्नच्या पुढं गेलं.

माझं घर विश्रामबागला. तिथं पाणी येत नाही. पूर म्हणजे आम्हाला लाइट जाणं, दूध न मिळणं आणि पाहुण्यांचे फोन. त्या आठवड्यात मी गॅलरीत उभा राहून चहा पीत होतो आणि खालून ओले लोक चालले होते. कुणाच्या डोक्यावर ट्रंक, कुणाच्या खांद्यावर म्हातारं माणूस, एकाच्या हातात नुसता मिक्सर. तो मिक्सरवाला वर बघून ओळखीचं हसला. माझ्या हातात कप होता. त्या कपाची लाज वाटली, हे खरं कारण. सेवाभाव वगैरे काही नव्हतं. चप्पल घातली आणि जवळच्या शाळेत छावणी उघडली होती तिथं गेलो.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. पोती मोजायची, पट्ट्या करायच्या, वही लिहायची. वय तेव्हा एकेचाळीस, लग्न नाही. छावणीत गेलो तर सगळे काहीतरी उचलत होते आणि यादी कुणीच करत नव्हतं. मी एक टेबल ओढलं, लांब वही मागून घेतली, रकाने आखले. नाव, वय, गल्ली, औषध चालू आहे का, सोबत कोण. बोटीतून उतरलेलं माणूस ट्रॅक्टरमधून आमच्या दारात आलं की पहिलं माझ्यापुढं उभं राहायचं.

मदतीबद्दल एक बोलून टाकतो, नाहीतर मनात राहील. चांगली माणसं खूप आली. कुठून कुठून भाकरी आल्या, बायांनी रात्रभर थापलेल्या, फडक्यात बांधलेल्या, अजून गरम. पण टेम्पो भरभरून फाटके ब्लाउज पण आले. एका पोत्यात तर नुसत्या उजव्या पायाच्या चपला होत्या. आणि बिस्किटाचा एक पुडा देताना पाच जण हात लावून फोटो काढत होते. ज्याला पुडा मिळतोय तो माणूस चार दिवसांपूर्वी त्याच बिस्किटांच्या दुकानाचा मालक होता, हे फोटो काढणाऱ्याला माहीत नव्हतं.

तर यादी. तिसऱ्या दिवशी ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली होती. छावणीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दुपारी एक आजी उतरल्या. सत्तरीच्या, ओल्या लुगड्याचा काष्टा, आणि पोटाशी धरलेलं एक हळदीचं पोतं. बारदान मी लांबून ओळखतो. म्हटलं, आजीनं घरातली हळद वाचवून आणली.

"नाव?"

सांगितलं.

"सोबत कोण?"

"कोन न्हाई."

मी तसं लिहिलं. तेवढ्यात पोतं शिंकलं.

आजीनं पोत्याचं तोंड जरा उघडलं. आत चिखलानं माखलेलं एक कुत्रं. कान पडलेले, नाक तेवढं बाहेर. बोटवाल्यानं जनावर घ्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून पोत्यात. मी विचारलं, "तुमचं का?"

"माझं कुटलं? कुनाचं हाय कुनाला ठावं. दोन रात्री पत्र्यावर माझ्यासंगं बसलं हुतं. म्या बोलत हुती, ते ऐकत हुतं." मग माझ्या वहीकडं बोट करून म्हणाल्या, "ते कोन न्हाई लिवलंयस ते खोड. कुत्रं लिव."

मी खोडलं. 'सोबत : कुत्रं 1' असं लिहिलं. ती वही माझ्याकडं अजून आहे. दिवाणजीच्या वहीत खाडाखोड नसते. त्या पानावर आहे.

कुत्र्याला आत घ्यायचं नाही म्हणून गलका झाला. ज्यांचं घर गेलं, ते त्यांच्या जागी बरोबर होते. लहान पोरं होती, आजारी माणसं होती. तेवढ्यात औषधांच्या टेबलावरची बाई उठून आली. पांढरा कोट कोपरापर्यंत दुमडलेला. कुत्र्याच्या हिरड्या बघितल्या. आमच्याकडं नव्हे, हिरड्यांकडंच बघत म्हणाली, "याला सायकल स्टँडमध्ये बांधा. आणि हिरड्या पांढऱ्याफटक आहेत, याला ताप असणार." मग मला म्हणाली, "तुम्ही यादीवाले ना? रात्री कोण बघणार हे पण लिहा."

रात्री कोण बघणार, याच्यापुढं मी माझंच नाव लिहिलं. छावणीतली वीस माणसं माझ्याकडं बघत होती, दुसरं कुणाचं लिहिणार?

सायकल स्टँडमध्ये त्या कुत्र्यानं पहिलं काय खाल्लं, तर भडंग. आमच्याकडं मदतीच्या पाकिटात पण भडंग असतं, जयसिंगपूरचं. एक आठ वर्षांची पोरगी पाकीट घेऊन तिथं घुटमळत होती. मी नाही म्हणेपर्यंत अर्धं पाकीट संपलं होतं. मिरची, लसूण, सगळ्यासकट. पुढं जनावरांच्या डॉक्टरांनी लसूण-कांदा कुत्र्याला विष असतं म्हणून मला झापलं, ते वेगळं. पण नाव त्या पोरीनं ठेवून टाकलं होतं. भडंग. कुत्री निघाली, तरी नाव तेच.

पोरगी त्या कोटवालीची. हे मला दोन दिवसांनी कळलं, तेही माझ्याच वहीतून. औषधं वाटणारी बाई बाहेरून मदतीला आली असणार असं मी धरून चाललो होतो. यादीची बेरीज करताना मागच्या पानावर नाव सापडलं. कर्नाळ रोड, तळमजला. औषध चालू नाही. सोबत : आई, मुलगी. तिचं स्वतःचं घर पाण्यात होतं आणि ती मिरजेच्या लॅबमधून आणलेला कोट घालून दुसऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या शोधत होती. ज्याचं काहीच बुडालं नव्हतं तो मी मात्र संध्याकाळी घरी जाऊन गरम पाण्यानं आंघोळ करत होतो.

पाणी उतरल्यावर आजीला न्यायला तिची लेक आली. जतची. ज्या आठवड्यात आम्ही बोटीतून माणसं काढत होतो, त्याच आठवड्यात त्याच जिल्ह्यातल्या जतला पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते. सांगली जिल्हा असाच आहे. लेक म्हणाली, कुत्रं न्यायला जमायचं नाही. आजीनं दोरी माझ्या हातात दिली. "दोन दिस सांभाळ. येती मी."

आईनं दारातच अडवलं. तिचा आक्षेप धर्माचा होता. ती दत्ताची. दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणारी, सोवळं पाळणारी. माझ्याबरोबर आप्पा होते. आप्पा म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. छावणीत स्वतःच्या जुन्या ओम्नीतून भाकरी पोचवत होते, तिथली ओळख. वय अडुसष्ट, तोंडात कायम तंबाखू आणि बोलण्यात न लिहिण्यासारखं बरंच. त्यांनी आत डोकावून देवघर बघितलं आणि म्हणाले, "वैनी, फोटोत चार हायत की. घरात एक नको व्हय?"

आई काही बोलली नाही. रात्री जुनी सतरंजी जिन्याखाली टाकलेली दिसली.

भडंगला ताप होता, तो काही उतरेना. खायची नाही. लघवी कॉफीसारखी. कोटवालीला, म्हणजे मॅडमला (लॅबमधल्या बाईला आमच्याकडं सगळे मॅडम म्हणतात) फोन केला. त्या लॅबच्या वेळेनंतर आल्या, कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेनं ओढला. म्हणाल्या, "माणसांच्या लॅबमध्ये कुत्र्याची काच तपासली म्हणून कुणाला सांगू नका." दुसऱ्या दिवशी रात्री आठला मिरजेला गेलो. लॅब बंद झालेली, एक ट्यूब चालू. काच जांभळी रंगवलेली, वर तेलाचा थेंब. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या आणि मग स्टूल सोडून उठल्या. "बघा."

मला आधी नुसता जांभळा धूर दिसला. "ते बारीक चाक हळू फिरवा." फिरवलं. गोल गोल गुलाबी चकत्या झाल्या. भाकरीचे उंडे ठेवावेत तशा. आणि एका चकतीच्या आत दोन थेंब, टोकाला टोक लावून, पेरूच्या आकाराचे.

"दिसले? जोडीनं बसलेत बघा. बबेसिया. गोचिडातून येतो."

"दिसले," मी म्हटलं. एका स्टुलावर एका वेळी एकच माणूस बसू शकतं, म्हणून आम्ही आळीपाळीनं बसत उठत होतो. स्टूल प्रत्येक वेळी गरम असायचं. हे लिहिताना संकोच वाटतोय, पण मला त्या रात्रीचं बबेसियाइतकंच ते गरम स्टूल आठवतं.

आता कांदेपोह्यांचं सांगायला हवं, नाहीतर मी एवढ्या रक्ताच्या काचेचं काय घेऊन बसलोय ते कळायचं नाही. मी तोवर सतरा मुली बघितल्या होत्या. आकडा नक्की, मी मोजणारा माणूस आहे. प्रत्येक वेळी तीच रचना. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टीपॉय, त्यावर पोहे. बाकीचे आतल्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावणार. आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचं, कारण बघायलाच तर आलोय. आवडीनिवडी विचारायच्या. "वाचनाची आवड आहे?" "हो, वाचते." एका मुलीनं मला विचारलं होतं, "दिवाणजी म्हणजे नक्की काय?" मी सांगत गेलो, ती ऐकत गेली, आणि दोघांनाही कळलं की संपलं. समोरासमोर बसलं की माणसाचा चेहरा दुकानाच्या पाटीसारखा होतो. मला ते कधी जमलं नाही. तिच्याकडं बघू की पोह्यांकडं, इथूनच अडचण.

मॅडमबरोबर वर्षभर आम्ही एकमेकांकडं बघितलंच नाही म्हणा ना. दोघं शेजारी उकिडवे बसून तिसऱ्याकडं बघत होतो. कुत्र्याची हिरडी, कुत्र्याचा कान, कुत्र्याची शी. पुरात तिची कपाटं गेली, नवऱ्याचे फोटो गेले. 2016 ला अपघातात गेला तो, हे मला भडंगच्या पोटावरचे गोचीड काढताना कळलं. चिमट्यानं गोचीड धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, आणि डेटॉलच्या वाटीत टाकायची. वाटीत तेवीस झाल्या तेव्हा ती म्हणाली, "फोटो वाळवून बघितले. चेहऱ्याच्या जागीच पांढरं झालं." मी चोविसावी काढली. काय बोलणार? बोलावं लागलं नाही, चिमटा हातात होता.

भडंगला इंजेक्शन लागू पडलं. गाईम्हशींना देतात तेच, सरकारी जनावरांच्या दवाखान्यातलं. आठवड्यात भाकरी खायला लागली. दिवाळीआधी डॉक्टरांनी तिची नसबंदी केली. तोवर दर रविवारी सकाळी आमचा गट बाहेर पडायला लागला होता. पुरानंतर गावात खरूज झालेली, किडे पडलेली कुत्री फार. डॉक्टर, आप्पा आणि त्यांची ओम्नी, मॅडम, कॉलेजची तीन पोरं आणि वही घेऊन मी. कुठल्या गल्लीत किती कुत्री, रेबीजची लस कुणाला दिली, नसबंदी कुणाची राहिली. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला व्ही आकाराचा काप देतात, म्हणजे पुन्हा धरायला नको. नियम 2001 पासूनचा, 2023 ला नवा आला. कागदावर सगळं आहे. कुत्री धरायला माणूस आणि जाळी मात्र आपली आपण बघायची.

लोकांच्या शिव्या पण खाल्ल्या. "एवढा पुळका आहे तर घरी न्या." सुरुवातीला मी वाद घालायचो. आता नाही घालत. ज्या आईच्या लेकराच्या पिंढरीचा लचका तुटलाय, तिला आपण भूतदया शिकवायला जाऊ नये. तिच्या गल्लीतली सगळी कुत्री टोचून घ्यावीत आणि यावं. गटातली एक मुलगी मात्र अजून भांडते. परवा 2025 च्या ऑगस्टात सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं आणि अकरा दिवसांनी नसबंदी, लस करून परत सोडा म्हटलं, तेव्हा तिनं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रात्रीत दीडशे मेसेज टाकले. आप्पांनी फक्त एक टाकला, तंबाखूच्या पुडीचा फोटो. त्याचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही.

तर मला चावलं ते त्या पहिल्या नोव्हेंबरात. माझीच चूक. खाणाऱ्या कुत्र्याच्या ताटात हात घातला. डाव्या हाताला, अंगठ्याच्या खाली, दोन दात आत. मी रुमाल बांधायला लागलो तर मॅडम ओरडली, "बांधू नका!" मनगट धरून ओढत समोरच्या घराच्या अंगणातल्या नळावर नेलं. कपड्याच्या साबणाची वडी होती, तीच. "पंधरा मिनिटं. घड्याळ लावून."

पंधरा मिनिटं फार मोठी असतात. पाणी गार. ती माझा हात दोन्ही हातांत धरून नळाखाली उभी, साबण चोळतेय, पुन्हा धुतेय. आजूबाजूला बायका जमल्या. एक जण म्हणाली, हळद भरा. हळदीच्या दिवाणजीला. दुसरी म्हणाली, आता पोटात चौदा इंजेक्शनं. ती जुनी लस आपल्याकडं बंद होऊन कैक वर्षं झाली, पण ती चौदा इंजेक्शनं लोकांच्या पोटातून काही जात नाहीत. मॅडम कुणाला उत्तर देत नव्हती. सातव्या-आठव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं, एकेचाळीस वर्षांत आईशिवाय कुठल्या बाईनं माझा हात इतका वेळ धरलेला नाही. नवव्याला मी घड्याळाकडं बघायचं बंद केलं. पंधरा झाल्यावर ती म्हणाली, "झाली," आणि सोडला नाही. म्हणजे सोडला, पण लगेच नाही. मी मोजणारा माणूस आहे, म्हणून सांगतो.

रविवारी दुपारी उघडा दवाखाना मिळाला तो मिरजेत, तिच्या लॅबच्या गल्लीत. जखमेत आणि भोवती सीरम टोचलं, त्या वेळी मी देवाचं नाव घेतलं. मग दंडाला लस. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तारखा लिहिल्या. शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. तीच चिठ्ठी तिनं स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेतली. पुढची इंजेक्शनं सांगलीत घराजवळ घेता आली असती. मी प्रत्येक वेळी वडापच्या रिक्षात दाटीवाटीनं बसून मिरजेला गेलो. तिसऱ्या दिवशी ती लॅबमधून खाली आली, "बघू हात." सातव्या दिवशी चहा. त्या चहाला आम्ही पहिल्यांदा टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आणि दोघांनाही काही सुचेना. ती उठून माझ्या बाजूच्या बाकावर आली आणि म्हणाली, "इथून रस्ता दिसतो." मग बरं झालं.

इकडं चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. ते काम आप्पांकडं. रोज सकाळी सातला फोन यायचा, "जित्तं हाय." एवढंच. पाचव्या दिवशी, "जित्तं हाय. माझ्या चपलेवर मुतलं." दहाव्या दिवशी कुत्रं ठणठणीत, तेव्हा दवाखान्यातून सांगितलं, आता चौदाव्या दिवसाचं नाही घेतलं तरी चालतं, थेट अठ्ठाविसाव्याला या.

मी तिला हे सांगितलं नाही. चौदाव्या दिवशी दंड पुढं करून आलो. ती खाली आली, हात बघितला, चहा झाला. तीन वर्षांनी बोलता बोलता म्हणाली, "चौदाव्याचं गरजेचं नव्हतं, माहिताय ना तुला? आप्पांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं कुत्रं जिवंत आहे म्हणून." म्हणजे तिलाही माहीत होतं. आणि तिनंही मला सांगितलं नव्हतं.

आजी दोन दिवसांत येते म्हणाली होती. आली नाही. संक्रांतीनंतर आम्हीच जतला गेलो, आप्पांच्या ओम्नीतून. पुढं आप्पा आणि मी, मागं मॅडम, पोरगी आणि खिडकीतून जीभ बाहेर काढून भडंग. जाताना उसाचे फड संपतात, मग द्राक्षाच्या बागा येतात, मग नुसत्या बाभळी. आजी अंगणात वैरण सारत होती. मी म्हटलं, आता भडंग धावत जाणार, हिच्या डोळ्यांत पाणी येणार. तसं काही झालं नाही. भडंगनं लांबूनच हुंगलं, हळू चालत गेली आणि आजीच्या शेजारी बसली. समोर नाही, शेजारी, तोंड रस्त्याकडं करून. पत्र्यावर बसली असेल तशी. आजीनं न बघता तिच्या मानेवर हात ठेवला आणि लेकीला म्हणाली, "च्या टाक." मग आम्हाला, "गुटगुटीत केलीसा की गं." अनेकवचन आम्हा दोघांना धरून होतं. मॅडमनं ते दुरुस्त केलं नाही.

निघताना मी दोरी पुढं केली. आजी म्हणाली, "न्या. हितं पानी कुटं हाय? तिला सवं न्हाई."

मग मार्च आला. इस्लामपूरला रुग्ण सापडले, मिरजेचं सरकारी हॉस्पिटल सगळं कोरोनाला दिलं, आणि लॅबवाल्यांना सुटी कुठली? ती घरात वेगळ्या खोलीत राहायला लागली, लेकीला स्वतःच्या आईकडं ठेवून. त्या महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. आप्पा आणि मी पास काढून रस्त्यावरच्या कुत्र्यांना भात घालत होतो, कारण हॉटेलं बंद, वडेवाले बंद, उकिरडेसुद्धा रिकामे. संध्याकाळी परतताना भडंगला घेऊन तिच्या खिडकीखाली थांबायचो. ती खिडकीत यायची. भडंग वर बघून एकदाच भुंकायची. मी हात करायचो. पाच मिनिटं. त्या काळात फोनवर बोलता येत होतं, पण फोनवर आम्ही दोघंही मठ्ठ.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. रात्री साडेबाराला तिचा फोन, "आयर्विनला किती?" मी म्हटलं, "सत्तेचाळीस. चढतंय." ती म्हणाली, "आमच्या पायरीला लागेल उद्या." मी म्हटलं, "आप्पा निघालेत." हे खोटं होतं, आप्पा झोपले होते. पण वीस मिनिटांत निघाले, शिव्या देत. पहाटे तिघी आमच्याकडं आल्या. ती, तिची आई, पोरगी. आईनं माझ्या खोलीत गाद्या घातल्या आणि मला जिन्याखाली भडंगशेजारी पाठवलं. आठ दिवसांनी पाणी उतरलं. तळमजला पुसून, चुना लावून झाला. पण पोरीनं दप्तर भरलं नाही. कुणी तिला भर म्हटलंही नाही.

लग्न नोंदणीचं केलं. वेगळी जात, दुसरेपण, पदरात पोर, म्हणून भावकीनं जे बोलायचं ते बोलून घेतलं. त्यात इथं लिहिण्यासारखं नवं काहीच नाही, प्रत्येकाच्या घरात तेच बोलतात. नोटीस लागते, तीस दिवस बोर्डावर असते. आम्ही दोनदा जाऊन ती वाचून आलो, तिला माझं पूर्ण नाव तिथंच कळलं. साक्षीदार तीन लागतात. एक आप्पा, दुसरे कुत्र्यांचे डॉक्टर. तिसरं माणूस कोण, यावर आमचं ठरत नव्हतं. त्या दिवशी आई वाडीला जाते म्हणून सकाळीच निघून गेली होती. अकराला कचेरीत पोचलो तर पायरीवर बसलेली, पिशवीत पेढे. "सही कुठं करायची?" एवढंच म्हणाली. सहीच्या वेळी कारकुनानं फॉर्मवर बोट ठेवून विचारलं, "सोबत कोण आहे?" त्याला साक्षीदार म्हणायचं होतं. पोरगी मागून ओरडली, "भडंग! खाली गाडीत आहे."

ती मला अजून दिवाणजी म्हणते. मी तिला मॅडम.

भडंग आता म्हातारपणाकडं झुकली. तोंडाशी पांढरी झालीय, मागचा डावा पाय थंडीत धरतो. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून आहे. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ती जिथं असेल तिथून उठते आणि गच्चीच्या जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसते. नदीच्या दिशेला तोंड करून. ओढली तर येत नाही, खायला दाखवलं तर बघत नाही. सुरुवातीला आम्ही तिला खाली आणायचा प्रयत्न करायचो. आता ज्याला जाग येईल तो वर जाऊन तिच्याजवळ बसतो.

परवा रात्री दोनला पाऊस आला. मी वर गेलो तर पायरीवर आधीच भडंग, तिच्या एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला शाल पांघरून पेंगणारी आई. मॅडमनं न वळता विचारलं, "आयर्विनला किती?"

फोन काढून बघितलं. "बत्तीस."

"मग काही नाही," ती म्हणाली, आणि सरकून जागा केली.